हेड्रियनच्या भिंतीकाठून पायी : उत्तर इंग्लंडमधले सात दिवस

रानवाट | ४ जानेवारी, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी,

२०२५च्या मे अखेरीस मी आणि नवरा, दोघंच, उत्तर इंग्लंडमध्ये पूर्वेच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेच्या बोनेस-ऑन-सॉल्वेपर्यंत चालत गेलो. ८४ मैल, म्हणजे १३५ किलोमीटर. सात दिवस. माझं वय ५४, त्याचं ५८. सह्याद्रीत आम्ही वर्षानुवर्षं हिंडतोय, पण एका दमात आठवडाभर चालण्याची ही पहिलीच वेळ. मुलगी लीड्सला शिकायला आहे, तिच्याकडे गेलो होतो, त्यात हे जमवलं. इंग्लंडला मुलांकडे जाणारे आपल्यापैकी पुष्कळजण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी भिंतीबद्दल. इ.स. १२२ मध्ये रोमन सम्राट हेड्रियन ब्रिटनमध्ये आला आणि साम्राज्याच्या उत्तर सीमेवर त्याच्या हुकमाने भिंत उभी राहू लागली. समुद्रापासून समुद्रापर्यंत ८० रोमन मैल. दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांच्या मध्ये दोन बुरूज, आणि काही अंतरांवर शेकडो सैनिक मावतील असे किल्ले. तीन लिजनांच्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांच्या, सैनिकांनी हे काम केलं. पूर्वेकडे दगडाची, पश्चिमेकडे आधी मातीच्या ढेपांची आणि नंतर दगडाची. तिच्या काठाने जाणारी सलग पायवाट २००३ साली अधिकृतपणे खुली झाली. वाटेवर खुणेला ओकच्या झाडाचं फळ काढलेलं असतं, पांढऱ्या रंगात. ते दिसलं की आपण बरोबर चाललोय.

आमचे मुक्काम असे होते : हेडन-ऑन-द-वॉल, चोलरफर्ड, वन्स ब्रूड, गिल्सलंड, वॉल्टन, कार्लाइल आणि शेवटी बोनेस. रोज १३ ते २५ किलोमीटर. मोठी बॅग सकाळी मुक्कामाच्या दारात ठेवायची, सामान पोचवणारी गाडी ती पुढच्या मुक्कामी नेते. पाठीवर फक्त पाणी, डबा, रेनकोट, नकाशा. यात कमीपणा काही नाही. गुडघे सांभाळून सात दिवस चालायचं तर हाच मार्ग.

पहिला दिवस न्यूकॅसल शहरातून टाईन नदीच्या काठाने जातो. पूल, जुने धक्के, सायकलवाले. दुसरा दिवस पुष्कळसा एका सरळसोट रस्त्याला लागून. १७४५च्या जॅकोबाइट बंडात (गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचं बंड) सरकारी सैन्याला न्यूकॅसलहून कार्लाइलकडे तोफा नेता आल्या नाहीत, म्हणून पुढे लष्करी रस्ता बांधला, तो मैलोनमैल थेट भिंतीच्या पायावरच घातला. आपण ज्या डांबराशेजारून चालतो त्याच्या पोटात भिंत आहे, हे कळल्यावर पाऊल जरा थबकतं.

पण मला सांगायचंय ते याच दिवसाचं. हेडन सोडल्यावर वाट शेतांमधून जाते. म्हणजे शेताच्या कडेने नव्हे, काही ठिकाणी शेताच्या मधून. गुडघाभर वाढलेलं हिरवंगार पीक आणि त्यातून माणूस जाईल एवढा पट्टा मोकळा ठेवलेला. दोन शेतांमध्ये दगडी गडगा, आपल्या कोकणातल्यासारखाच, मातीचुना न लावता दगडावर दगड रचलेला. तो ओलांडायला दोन्ही बाजूंनी पायऱ्या. कुठे असं फाटक, की एका वेळी एकच माणूस आत शिरून वळून बाहेर पडेल आणि मेंढी मात्र अडेल.

एका ठिकाणी तर वाट सरळ शेतकऱ्याच्या अंगणात शिरली. एका बाजूला गोठा, दुसरीकडे ट्रॅक्टर, मध्ये एक म्हातारे गृहस्थ नळीने फरशी धूत होते. मी कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखी बिचकले आणि 'सॉरी' म्हणून मागे वळायला लागले. त्यांनी नळी बाजूला धरली आणि म्हणाले, वाट इथूनच आहे, या की, फक्त पलीकडचं फाटक लावून घ्या, कोकरं आहेत. एवढंच. उपकार केल्याचा सूर नव्हता, कपाळाला आठीही नव्हती. पुढचे पाच दिवस मी त्या अंगणाचाच विचार करत होते.

तिसरा आणि चौथा दिवस म्हणजे या वाटेचा कळस. काळ्या कातळाचा कडा आणि त्याच्या अगदी धारेवरून चढत-उतरत गेलेली भिंत. हाउसस्टेड्सचा किल्ला, सैनिकांचे कोठार, इस्पितळ म्हणून ओळखली जाणारी इमारत, ओळीने बसायचे शौचकूप आणि त्यात खेळवलेलं पाणी, सगळं जागेवर कळतं. विनशील्ड्स हा वाटेवरचा सगळ्यात उंच माथा, ३४५ मीटर. आकडा छोटा वाटेल, पण दिवसभरात खिंडीत उतरून पुन्हा चढण्याची उठाठेव इतक्यांदा होते की संध्याकाळी पोटऱ्या बोलायला लागतात.

त्याच टप्प्यात सिकमोर गॅप लागते. दोन टेकाडांच्या मधल्या खोबणीत एकटं उभं असलेलं ते झाड तुम्ही फोटोत पाहिलं असेल. २०२३च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री दोघांनी ते करवतीने कापलं. आम्ही गेलो त्याच्या थोडेच दिवस आधी त्या दोघांवरचा गुन्हा सिद्ध झाला होता. बुंध्याभोवती कुंपण आहे. बुंध्याला पालवी फुटल्याचं ऐकून होतो, ती डोळ्यांनी पाहिली. आमच्यासारखेच चारपाच जण तिथे उभे होते, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. नवऱ्याला झाडांचं फार. तो बराच वेळ तिथून हलला नाही, मी पुढे जाऊन गडग्यावर बसले.

विंडोलँडाचा रोमन किल्ला चुकवू नका. भिंतीच्या दक्षिणेला मैलभर आत आहे. इथे चिखलात पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, १९७३पासून पुढे. भिंतीच्याही आधीची, साधारण इ.स. १००च्या सुमाराची. एका पत्रात कुणीतरी कुणाला तरी मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचं लिहिलंय. आणि एक पत्र क्लॉडिया सेवेराचं, आपल्या मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला : ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू ये. मजकूर लेखनिकाचा, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. बाईने स्वतः लिहिलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात लॅटिन ओळींपैकी या आहेत. सगळ्या साम्राज्याच्या टोकाला, त्या वाऱ्यापावसात, एक बाई दुसरीला म्हणतेय, तू आलीस तर दिवस गोड होईल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कारण नाही.

पाचव्या दिवसानंतर भिंत दिसेनाशी होत जाते. तिचे दगड लोकांनी घरांना, चर्चना, गोठ्यांना लावले. लॅनरकॉस्टचा मठ तर उघडउघड तिच्या दगडांचा. पण हे दिवस मला सगळ्यांत आवडले. वाटेवर एका ठिकाणी लाकडी पेटी, त्यात पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चॉकलेट, पायाला लावायच्या पट्ट्या, आणि एक पैशांचा डबा. माणूस कुणी नाही. हवं ते घ्या, किंमत डब्यात टाका. आम्ही तिथे बाकावर बसून खाकरा आणि लसणाची चटणी खाल्ली, वर चंडोल गात होता.

सातव्या दिवशी सॉल्वेच्या खाडीकाठची दलदल. गवतात गुरं, पलीकडच्या काठाला स्कॉटलंडचे डोंगर. बोनेसला भिंतीचं शेवटचं टोक म्हणून दाखवावं असं काहीच नाही, नुसतं गाव आणि खाडी. तिथे एका छोट्या लाकडी निवाऱ्यात बसलो आणि बूट काढले.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगते.

शेवंती | ४ जानेवारी, रात्री १०.०२

किती सुंदर लिहिलंयस ताई! वाढदिवसाच्या पत्रापाशी मीही थांबले. आम्ही मे महिन्यात जाणार आहोत, मी, नवरा आणि सासूबाई (६६, रोज पर्वती चढतात). हातात चारच दिवस आहेत. मधला कड्याचा भाग तेवढा करावा का? आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही. जमेल का?

टायनकाठी | ४ जानेवारी, रात्री ११.३०

न्यूकॅसलला बारा वर्षं आहे, ही वाट तुकड्यातुकड्याने तीनदा झालीय. थोडी भर :

वॉल्सएंडला मेट्रोने जा, पिवळ्या मार्गावर आहे. त्या स्टेशनवर पाट्या लॅटिनमध्येही आहेत, बघायला विसरू नका. बाहेर पडलं की सेगेडूनमचा किल्ला.

वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. रानवाट ताईंसारखं पूर्वेकडून निघालात तर तो तोंडावर घ्यावा लागतो. पश्चिमेकडून निघालात तर पाठीवर, पण शेवट शहरात होतो. मला स्वतःला खाडीकाठी संपणारी वाट आवडते, वाऱ्याचं काय, कानटोपी घालायची.

आणि एक कळकळीची विनंती. हिवाळ्यात ही पूर्ण वाट करू नका. जमीन तेव्हा भिजून लोण्यासारखी असते आणि गवताखाली अजून न खणलेले अवशेष आहेत. वाटेवरच्या ठिकाणी शिक्के मारून घ्यायचा 'पासपोर्ट' (एक छोटी पुस्तिका) मिळतो त्याचा हंगामही म्हणूनच १ मे ते ३१ ऑक्टोबर असतो. भिंतीवर चढून चालू नका. गवतावर एकामागे एक न चालता शेजारीशेजारी चाला, म्हणजे एकच चाकोरी पडून जमीन उघडी पडत नाही. आपल्याकडे ट्रेकला रांगेत चालायची सवय असते, इथे उलटं.

संध्याकाळी गवतात बसलात तर पायांवर गोचीड आहे का ते बघा.

रानवाट | ५ जानेवारी, सकाळी ८.१०

@टायनकाठी, शेजारीशेजारी चालण्याचं लिहायचं राहिलं, बरं झालं तुम्ही लिहिलंत.

@शेवंती, सासूबाई पर्वती चढतात म्हणजे प्रश्नच नाही. न्यूकॅसल ते कार्लाइल रेल्वे भिंतीच्या दक्षिणेने समांतर जाते, त्याचा फायदा घ्या. हेक्सहॅमला उतरून चोलरफर्ड गाठा (चारेक मैल, टॅक्सी मिळते), तिथला चेस्टर्सचा घोडदळाचा किल्ला आणि नदीकाठचं स्नानगृह त्याच दिवशी बघा. दुसऱ्या दिवशी वन्स ब्रूड, तिसऱ्या दिवशी गिल्सलंड, आणि चौथ्या दिवशी बर्डोस्वाल्डच्या किल्ल्यावरून वॉल्टन, तिथून गाडीने ब्रॅम्प्टन स्टेशन. बर्डोस्वाल्डजवळ भिंतीचा सगळ्यात लांब सलग उभा भाग आहे.

तो चौथा दिवस गाळू नका, एवढं माझं ऐका. सगळे कडा बघून परत फिरतात. पण कड्यावर माळरान आहे, माणसं कमी. शेतं, गोठे, गावं, ती पेटी, हे सगळं पश्चिमेला आहे. खेड्यातून चालायला म्हणून जायचं आणि खेडीच गाळायची, असं होऊ नये.

जेवणाचं : सकाळचा नाश्ता मुक्कामात मिळतो. आदल्या रात्री सांगितलंत तर अंड्याऐवजी मशरूम, टोमॅटो, बीन्स, टोस्ट, बटाटा असं पोटभर देतात. रात्री पबमध्ये भाजलेला अख्खा बटाटा आणि वर बीन्स किंवा चीज, भाज्यांचं सूप, हे बहुतेक मिळतं. पबचं स्वयंपाकघर आठ-साडेआठलाच बंद होऊ शकतं, उजेड मात्र दहा वाजत आले तरी असतो, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकतो. आमचा एकदा चुकला आणि गूळदाण्यांवर झोपलो. घरून खाकरा, गूळ-शेंगदाणे, कोरड्या चटण्या न्या. दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून तिकडे नेता येत नाही, तेव्हा पेढेबर्फी बॅगेत टाकू नका.

मुक्काम मात्र आत्ताच ठरवा. छोट्या गावात दोनतीनच घरं असतात, आणि मेमध्ये ती महिनोन्महिने आधी भरतात.

कातळकडा | ५ जानेवारी, दुपारी १.४५

भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तुमच्या 'काळ्या कातळाच्या कड्या'विषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या खडकाला व्हिन सिल म्हणतात आणि तो आपल्या सह्याद्रीच्या खडकाचा नातलग आहे. खडकाचा प्रकार डोलेराइट, रासायनिकदृष्ट्या बेसाल्टच. फरक असा की आपल्याकडे लाव्हा जमिनीवर येऊन थरावर थर पसरला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तिकडे सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी तो शिलारस वर न येता चुनखडी आणि वालुकाश्माच्या थरांच्या मध्ये आडवा घुसला आणि आतल्या आत निवला. पुढे वरचे मऊ थर झिजले आणि कठीण कातळ उरला. तो दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे उत्तरेला सरळ कडा आणि दक्षिणेला सौम्य उतार. रोमनांना आयती तटबंदी मिळाली. आपल्या गडांची जागाही अशीच निवडलेली, आधी निसर्गाचा कडा, मग माणसाचा तट.

असा आडवा घुसलेला खडक जगात कुठेही सापडला तरी त्याला आज 'सिल' म्हणतात. तो शब्द इथल्याच खाणकामगारांचा. त्यांच्या बोलीतला शब्द जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

रानवाट ताई, कड्याला उभे खांब दिसले का?

रानवाट | ५ जानेवारी, दुपारी ४.२०

दिसले! मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, हे नाणेघाटाच्या बाजूचं वाटतं. नातं खरंच आहे हे आत्ता कळलं. फार आनंद झाला.

तटबंदी | ५ जानेवारी, रात्री ९.५०

लेख आवडला, पण एक प्रांजळ शंका. फोटो पाहिले तर ही भिंत जागोजागी कंबरेएवढी किंवा फार तर डोक्याएवढी. आपल्याकडे राजगडची संजीवनी माची आहे, राजापूरच्या पुढे विजयदुर्ग आहे. व्हिसा, विमान, पौंड, एवढं सगळं करून कंबरेएवढी भिंत बघायला का जावं? खोचक विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

रानवाट | ६ जानेवारी, सकाळी ७.३०

शंका रास्त आहे. बांधकाम म्हणून संजीवनी माची मला कितीतरी जास्त हलवते, आजही. नुसती भिंत बघायला म्हणून विमानाने जा असं मी कुणाला सांगणार नाही.

पण दोन गोष्टी. जी भिंत आज उभी दिसते तिच्यामागे माणसं आहेत. जॉन क्लेटन नावाचे न्यूकॅसलचे एक वकील होते (१७९२–१८९०). लोक भिंतीचे दगड उचलून नेताहेत हे पाहून त्यांनी भिंत ज्यावरून जाते ती शेतं एकेक करून विकत घेतली, पडलेले दगड पुन्हा रचून घेतले. मधल्या टप्प्यात आपण बघतो तो बराच भाग त्यांच्यामुळे उरला. तुम्ही मंडळी रविवारी गडांवर जाऊन टाकी साफ करता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

दुसरी गोष्ट भिंतीची नाहीच, वाटेची. १३५ किलोमीटरमध्ये मला एकाही ठिकाणी कुणी अडवलं नाही, आणि त्यातली बहुतेक जमीन कुणाच्या ना कुणाच्या मालकीची आहे. आपल्याकडे गेल्या पंधरा वर्षांत माझ्या ओळखीच्या किती घाटवाटांच्या पायथ्याला तारेचं कुंपण आणि गेट आलं! मावळात एका वाटेवर मी लहानपणी वडिलांबरोबर गेले होते. आता तिथे प्लॉटिंग आहे आणि रखवालदार आत सोडत नाही. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. म्हणून ते अंगण माझ्या मनातून जात नाही.

पाहुणा_मँचेस्टरचा | ६ जानेवारी, दुपारी ३.०५

ही वाट मोकळी आहे ती कुणाच्या चांगुलपणामुळे नाही, कायद्यामुळे. आणि तो कायदा सहज मिळाला नाही.

मी राहतो तिथून किंडर स्काउटचं पठार जवळ आहे. शंभर वर्षांपूर्वी ते शिकारीसाठी राखलेलं होतं, पहारेकरी असायचे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डकडच्या कामगार पोरांनी शेकडोंनी मुद्दाम त्यावर चढाई केली. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता, त्याला चार महिने मिळाले. आठवडाभर गिरणीत-कारखान्यात राबायचं आणि रविवारी डोंगरावर मोकळा श्वास घ्यायचा, एवढंच त्यांचं मागणं.

१९४९च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानं आली आणि प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करायचा, असं बंधन आलं. त्या नकाशावर रेघ असली की तोच पुरावा. पहिली लांब राष्ट्रीय वाट, पेनाइन वे, खुली झाली ती २४ एप्रिल १९६५ला, किंडरच्याच तारखेला. तीच पेनाइन वे मधल्या टप्प्यात काही मैल भिंतीच्या काठाने जाते, म्हणजे ताई, तुम्ही त्या वाटेवरूनही चालला आहात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सुमारे १,४०,००० मैल वाटा आहेत. एखादी वाट लोकांनी वीस वर्षं बिनविरोध, न लपवता वापरली तर ती सार्वजनिक धरली जाऊ शकते. शेतकऱ्याने शेताच्या मधली वाट नांगरली तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, पीक उगवलं तरी वाट मोकळी ठेवायची. तुम्ही पाहिलेला तो पट्टा म्हणजे हाच नियम. पिवळा बाण असेल तिथे फक्त पायी, निळा असेल तिथे घोडा आणि सायकलही.

मात्र हा हक्क वाटेपुरता. वाट सोडून कुठेही तंबू ठोकायला इंग्लंडमध्ये मालकाची परवानगी लागते. डार्टमूरचं माळरान तेवढं अपवाद, २०२५च्या मे महिन्यातच सर्वोच्च न्यायालयाने तिथला तंबूचा हक्क कायम केला.

माऊली_चालवी | ६ जानेवारी, रात्री ८.४०

आळंदी ते पंढरपूर सात वाऱ्या झाल्या, म्हणून चालण्याबद्दल बोलतो. पहिले दोन दिवस पाय कुरकुर करतात, तिसऱ्या दिवसापासून तेच आपल्याला नेतात. ताईंना तसं झालं का? आणि फोड? वारीत आम्ही सुईने दोरा ओवतो.

रानवाट | ६ जानेवारी, रात्री ९.२५

काका, अगदी तसंच. चौथ्या दिवशी सकाळी उठले आणि पाय स्वतःहून निघाले. नवऱ्याचा गुडघा मात्र तिसऱ्या दिवशी सुजला, म्हणून त्याने चौथ्या दिवशीचा अर्धा टप्पा बसने केला. भिंतीकाठून हंगामात एक बस जाते, तिचा क्रमांक एडी १२२, भिंत सुरू झाली तेच साल. बस घेतली म्हणून वाट बाटत नाही.

फोडांना दोरा नको वाटतो, त्यातून जंतू आत जातात. मी रोज सकाळी टाचेला आधीच पट्टी लावत होते, दोन मोजे घालत होते आणि दुपारी एकदा बूट काढून पाय वाळवत होते. एकही फोड आला नाही.

शेवंती | ७ जानेवारी, सकाळी १०.१५

ताई, तू सांगितलेले चारही दिवस ठरले! गिल्सलंडची एकच खोली उरली होती, मिळाली. आता दोन प्रश्न. गायींची भीती वाटते, वाटेत कळप असतात म्हणे. आणि नकाशा कागदी घ्यावा का?

टायनकाठी | ७ जानेवारी, दुपारी १२.०५

गायी : वासरं बरोबर असतील तर त्यांच्या आणि आईच्या मध्ये जाऊ नका, लांबून वळसा घाला, धावू नका. तुमच्याबरोबर कुत्रा नाही, त्यामुळे निम्मी काळजी मिटली. सार्वजनिक वाटेच्या शेतात दुभत्या जातीचा मोठा वळू ठेवायला कायद्याने मनाई आहे.

नकाशा कागदी घ्याच. ऑर्डनन्स सर्व्हेचा (तिकडची सरकारी नकाशासंस्था) केशरी, ओएल ४३ क्रमांकाचा, कड्याचा भाग त्यात येतो. पंचवीस हजारास एक प्रमाण, त्यामुळे शेताशेताचा गडगा दिसतो. सार्वजनिक पायवाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते. फोनला माळावर रेंज जाते.

जे कोणी शेवटपर्यंत जातील त्यांच्यासाठी : कार्लाइलनंतर बर्ग आणि ड्रमबर्ग या गावांच्या मधला दलदलीचा रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. निघायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघा. या बर्गजवळच्या दलदलीतच १३०७ साली स्कॉटलंडवर निघालेला राजा पहिला एडवर्ड मरण पावला.

शिवरस्ता | ७ जानेवारी, रात्री ९.००

उशिरा आलो. सातारा जिल्ह्यातला आहे, तीस वर्षं महसुलात काढली, निवृत्त आहे. चर्चा वाचून वाटलं, आपल्याकडे काहीच नाही असा समज व्हायला नको.

आपल्याकडेही प्रत्येक गावाचा गावनकाशा आहे. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशावरची वाट कुणी अडवली तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेताला जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३, बांधावरून वाट मिळते. फरक असा, की हे सगळं मुख्यतः शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाता यावं म्हणून. नुसत्या चालणाऱ्या, देवाला जाणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या माणसाचा विचार त्यात फारसा नाही. आणि नकाशात आहे ते जमिनीवर कुणी तपासत नाही. माझ्या नोकरीत मीही अर्ज येईल तेव्हाच बघत आलो, आपणहून कधी वाट चालून पाहिली नाही.

आमच्या गावातून डोंगरावरच्या भैरोबाला जाणारी जुनी वाट आहे. पाच वर्षांपूर्वी खालच्या बाजूला कुणीतरी जमीन घेऊन गेट लावलं. लोक आता गाडीने सहा किलोमीटर फिरून जातात. म्हाताऱ्या बाया जाणंच सोडून बसल्या. ताईंचं ते अंगण वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. या आठवड्यात नकाशाची प्रत काढतो.

रानवाट | ७ जानेवारी, रात्री ९.४५

काका, नक्की काढा. आणि इथे कळवा.

शेवंती | ९ जानेवारी, दुपारी १२.२०

सासूबाईंनी हा पूर्ण धागा माझ्याकडून वाचून घेतला. त्या म्हणाल्या, तुमच्या त्या सातारच्या काकांना सांग, भैरोबाची वाट उघडली तर मी इंग्लंडच्या आधी तिथे येईन.

शिवरस्ता | २८ जानेवारी, सकाळी ११.३०

भूमी अभिलेखकडून प्रत मिळाली. एकेरी तुटक रेषा आहे. गावठाणाच्या वेशीपासून निघते, ओढा ओलांडते आणि सरळ भैरोबापर्यंत जाते. गेट आहे ते नेमकं तिच्यावर.

काल गावातल्या अकरा जणांच्या सह्यांनी अर्ज दिला. त्याआधी जमीनमालकांनाही भेटलो, नकाशा दाखवला. त्यांना वाटेची माहितीच नव्हती, घेताना कुणी सांगितलं नव्हतं. गुरं आत येतात ही त्यांची अडचण आहे, ती खरी आहे. मी त्यांना रानवाट ताईंच्या लेखातलं ते फाटक कागदावर काढून दाखवलं, माणूस वळून जातो आणि मेंढी अडते ते. ते म्हणाले, बघतो.

ताई, त्या फाटकाचा फोटो असेल तर टाकाल का? माप कळलं तर आमच्या सुताराला दाखवतो.

रानवाट | २८ जानेवारी, सकाळी ११.५०

चार फोटो आहेत, आज संध्याकाळी टाकते. एकात नवरा फाटकात उभा आहे, त्याची उंची पाच फूट आठ इंच, त्यावरून माप काढता येईल.